चोवीस चेंडूंची किंमत

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. १२ तारीख, शनिवार, हनुमान जयंती. हैदराबादेत राहणाऱ्यांना सांगायला नको, त्या दिवशी गौलीगुड्याच्या राममंदिरातून ताडबंदच्या हनुमानाकडे मोठी शोभायात्रा निघते आणि कोठी, काचीगुडा, नारायणगुडा हा सगळा पट्टा भगव्या झेंड्यांनी भरून जातो. रस्ते बंद. त्यामुळे माझ्या भाच्याला त्याच्या बाबांनी स्कूटरवर न सोडता सरळ सुलतान बाजारच्या मेट्रोत बसवून दिलं. मी हायटेक सिटीहून निघालो. परेड ग्राउंड स्टेशनवर भेटायचं ठरलं, कारण हिरवी आणि निळी लाइन तिथे एकत्र येते. तिथून दोघं मिळून उप्पलला. सनरायझर्स विरुद्ध पंजाब.

भाचा पंधरा वर्षांचा, नववीतून दहावीत चाललेला. जलद गोलंदाजी करतो. बरी करतो असं त्याचे कोच म्हणतात, फारच बरी करतो असं तो स्वतः म्हणतो. ताईचा आदल्याच रात्री फोन आला होता. "अरे, उन्हाळी कॅम्पची फी भरायचीये सोमवारी. वर स्पाइकचे बूट पण पाहिजेत म्हणतोय. दहावीचं वर्ष आहे, मागच्या महिन्यात पाठ दुखत होती. एवढे पैसे घालू का रे त्याच्या बोलिंगवर? तू बघून सांग."

म्हणजे बघा, मी मॅच बघायला चाललो होतो आणि डोक्यात नेमका तोच प्रश्न होता जो आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघमालकाला पडतो. बोलरवर एवढे पैसे घालावेत का?

परेड ग्राउंडच्या फलाटावर उभं राहिलं की सिकंदराबादच्या जुन्या मैदानांचा परिसर दिसतो. इथल्या जिमखान्यावर १९३० च्या दशकात मोइनुद्दौला सुवर्णचषकाचे सामने व्हायचे. नवाब आणि महाराजे पदरचे पैसे घालून खेळाडू आणायचे. १९३०-३१ मध्ये विजयनगरमच्या महाराजकुमारांनी इंग्लंडचे हॉब्ज आणि सटक्लिफ यांना भारतात बोलावून आपल्या संघातून खेळवलं. पुढे १९३४ मध्ये वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन याच स्पर्धेत खेळून गेला. तो त्या वेळी इंग्लंडमधल्या नेल्सन या गिरणीगावाच्या क्लबचा पगारी खेळाडू होता. एका छोट्या क्लबने परवडेल की नाही अशा पैशांत एक जलद गोलंदाज आणला, आणि त्याच्या नऊ मोसमांत त्या क्लबने सात वेळा लीग जिंकली. आपल्या मराठी मुलखाशी नातं असलेलं उदाहरण हवं असेल तर इंदूरचे होळकर महाराज. त्यांनी सी. के. नायडूंना पदरी ठेवलं आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला.

हे सगळं मी गाडीत भाच्याला सांगत होतो. त्याने मेट्टुगुड्यापर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, हे सगळे राजे लोक होते. माझी आई राजा नाहीये."

तार्नाका, हब्सीगुडा, एनजीआरआय करत आम्ही स्टेडियम स्टेशनला उतरलो. स्टेशनाचं नावच स्टेडियम आहे, त्यामुळे चुकायची सोय नाही. उप्पल हा एरवी कारखान्यांचा आणि रिंग रोडच्या ट्रॅफिकचा भाग, पण मॅचच्या संध्याकाळी ओळखू येत नाही. जिन्याखालीच भगव्या टी-शर्टांचे ढीग, गालावर झेंडा रंगवून देणारी पोरं, गरम तेलात सुटणारी मिरची भजी. गेटवर पॉवरबँक काढून घेतात, पाण्याची बाटली काढून घेतात, खिशातली नाणीसुद्धा काढायला लावतात. आत शिरल्यावर मात्र पायऱ्या चढून पहिल्यांदा ते हिरवं मैदान दिसतं, तेव्हा मला दर वेळी मंदिराच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटतं. उन्हाने तापलेल्या खुर्च्या मात्र गाभाऱ्यासारख्या थंड नसतात.

पंजाबने पहिली बॅटिंग घेतली. सनरायझर्सकडून सुरुवातीला मोहम्मद शमी. भाचा सावरून बसला. शमीचा मनगट मागे ठेवून शिवण सरळ सोडायचा चेंडू हा त्याचा अभ्यासाचा विषय. पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त वेळा बघितलेला.

पुढे काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ४ षटकं, ७५ धावा, ० बळी. शेवटच्या षटकात स्टॉयनिसने लागोपाठ चार षटकार मारले, त्यातला एकेक आमच्या डोक्यावरून जातोय असं वाटत होतं. आयपीएलच्या इतिहासातली ती दुसरी सर्वात महागडी गोलंदाजी. सर्वात महागडी कुठली? तीही याच मैदानावरची, त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वीची. २३ मार्चला राजस्थानच्या जोफ्रा आर्चरने इथे ७६ धावा दिल्या होत्या. शमीची लिलावातली किंमत १० कोटी, आर्चरची साडेबारा कोटी.

पंजाबचे २४५ झाले. डाव संपला तेव्हा भाचा गप्प होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, मी आता बॅटिंगच करायलोय. बोलिंग नक्को." काचीगुड्याची पोरं भावुक झाली की मराठीत दखनी मिसळते.

मी काही बोललो नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय त्याच्या म्हणण्याला मैदान दुजोरा देत होतं. पुढच्या दीड तासात अभिषेक शर्माने ५५ चेंडूंत १४१ धावा केल्या, हेडने ६६, आणि सनरायझर्सने ते २४५ नऊ चेंडू राखून पार केले. चाळीस षटकांत मिळून जवळजवळ ४९० धावा. असं मैदान बघून कुठला मुलगा म्हणेल की मला बोलर व्हायचंय?

पण सहाच दिवस आधी, ६ एप्रिलला, याच मैदानावर वेगळी गोष्ट घडली होती. त्या दिवशी रामनवमी. आम्ही सगळे ताईकडे होतो. आपला सुंठवडा झाला होता, शेजारच्या तेलुगू काकूंनी पानकम आणि वडपप्पू पाठवलं होतं, आणि टीव्हीवर गुजरातकडून मोहम्मद सिराज बोलिंग करत होता. हैदराबादचाच पोरगा. वडील रिक्षा चालवायचे, हा टेनिस बॉलवर वेगाने टाकायला शिकला. ४ षटकं, १७ धावा, ४ बळी. ज्या फलंदाजांनी बाकीच्यांची झोप उडवली होती, त्यांचा डाव १५२ वर थांबला आणि गुजरात आरामात जिंकलं. गुजरातने त्याला सव्वाबारा कोटींना घेतलं होतं.

एकच मैदान, एकच आठवडा, दोघंही भारताचे जलद गोलंदाज, दोघांनाही २४ चेंडू. एकाचे ७५, एकाचे १७. मग पैसे घालायचे की नाही?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता आकडेमोड केलीच. साखळीत १४ सामने, प्रत्येकात जास्तीत जास्त २४ चेंडू. म्हणजे ३३६. शमीचे १० कोटी भागिले ३३६ केले तर एका चेंडूला जवळजवळ ३ लाख रुपये. २०२४ साठी कोलकात्याने मिचेल स्टार्कला २४.७५ कोटींना घेतलं होतं, तिथे एक चेंडू ७ लाख ३७ हजारांना पडतो. वाइड टाकला तर आणखी एक टाकावा लागतो, तो फुकट!

नेहमीचा युक्तिवाद असा असतो की बोलर संघाच्या १२० चेंडूंपैकी फक्त २४ टाकतो, म्हणजे एक पंचमांश. बॅटरला मर्यादा नाही, त्याने मनात आणलं तर साठ-सत्तर चेंडू खेळावेत. मग पैसे बॅटरवरच लावावेत. मलाही बरेच दिवस हे पटत होतं. पण यात एक गफलत आहे. बॅटरला मर्यादा नसते तशी हमीही नसते. ट्रॅव्हिस हेड २०२४ च्या पहिल्या क्वालिफायरमध्ये स्टार्कच्या दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाचित झाला. पहिल्या पाचात खेळणारा चांगला बॅटरसुद्धा रोज काही पन्नास चेंडू टिकत नाही, वीस-पंचवीस खेळला तरी संघ खूश असतो. बोलरला पहिल्याच चेंडूवर षटकार बसला म्हणून कुणी घरी पाठवत नाही. त्याचे चोवीस बहुतेक वेळा त्याला मिळतातच. म्हणजे कागदावर दिसतो तितका बोलर बॅटरपेक्षा कमी खेळत नाही. शिवाय कुठले चोवीस ते कप्तान ठरवतो. नवा चेंडू आणि शेवटची षटकं, जिथे सामना फिरतो, तिथेच तो वापरता येतो.

मग अडचण कुठे आहे? मला वाटतं, ती चेंडूंत नसून शरीरात आहे. आणि लिलावाच्या सवयीत.

जलद गोलंदाजाचं शरीर म्हणजे रोज थोडं थोडं झिजणारं यंत्र. प्रत्येक चेंडूला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पुढच्या पायावर येतो, पाठीचा मणका वाकून पिळला जातो. लिलावात मात्र आपण त्याच्या मागच्या कामगिरीची किंमत देतो. शमीच घ्या. २०२३ च्या आयपीएलमध्ये २८ बळी, सर्वाधिक. त्याच वर्षी विश्वचषकात फक्त सात सामन्यांत २४ बळी, तेही सर्वाधिक. त्यानंतर पायाच्या शस्त्रक्रियेने त्याला वर्षभराहून अधिक काळ बाहेर बसवलं. १० कोटी कुठल्या शमीला मिळाले? २०२३ च्या. उप्पलला धावत आला कुठला? २०२५ चा. यात त्याचा काही दोष नाही. खरेदी करणारा जुना फोटो बघून पैसे देतो एवढंच.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या भावंडांना हे बेसबॉलमुळे जास्त चांगलं माहीत असेल. तिथला पिचर म्हणजे आपला बोलर. डावाची सुरुवात करणारा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा खेळतो, म्हणजे १६२ सामन्यांपैकी तीसेक. करार संपलेल्या अशा पिचरवर संघ अक्षरशः तिजोरी उघडतात. वॉशिंग्टनने २०१९ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्गला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलर दिले. त्याने नुकतीच त्यांना वर्ल्ड सीरिज जिंकून दिली होती, त्या मालिकेचा मानकरी तोच. त्यानंतर दुखापतींमुळे तो फक्त आठ सामने खेळू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. उलट लॉस एंजेलिसच्या डॉजर्सने जपानच्या योशिनोबू यामामोतोला १२ वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर दिले तेव्हा तो अमेरिकन लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नव्हता. २०२५ च्या वर्ल्ड सीरिजचा मानकरी कोण? यामामोतो. एकाने जुन्या पराक्रमाचे पैसे घेतले, दुसऱ्याने पुढच्या.

आयपीएलचं एक बरं आहे, इथली चूक सात-सात वर्षं गळ्यात राहत नाही. स्टार्कला २०२४ च्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून ८ षटकांत १०० धावा आणि एकही बळी नाही असा हिशेब लागला, तेव्हा सगळ्यांनी कोलकात्याला वेड्यात काढलं होतं. त्याच स्टार्कने मे महिन्यात क्वालिफायर आणि अंतिम सामना, दोन्हीकडे आपल्या सनरायझर्सचा वरचा फळा पुसून टाकला. फायनलमध्ये आपण ११३ वर बाद झालो. चेन्नईची ती रात्र मी अजून विसरलेलो नाही. पुढच्या लिलावात त्याचाच भाव ११.७५ कोटींवर आला. वर्षभरात अर्ध्याहून कमी! माणूस तोच, चेंडू तोच.

आता आपल्या गावच्या संघाचं बघू. आज सनरायझर्स म्हटलं की षटकार आठवतात, पण एक काळ होता जेव्हा हा बोलरांचा संघ होता. भुवनेश्वर कुमारला २०१४ मध्ये सव्वाचार कोटींना घेतलं. तो ११ मोसम इथे राहिला, २०१६ आणि २०१७ असा दोनदा सर्वाधिक बळींचा मानकरी ठरला. २०१६ मध्ये विजेतेपद आलं तेव्हा मुस्तफिजुर रहमान होता १.४ कोटींचा, आणि त्याचे बळी १७. २०१७ मध्ये रशीद खान आला ४ कोटींना. २०१८ मध्ये मुंबईकर मित्रांना आजही टोचणारी एक रात्र आहे. वानखेडेवर आपण ११८ वर बाद झालो आणि मुंबईला ८७ मध्ये गुंडाळलं. हे सगळे बोलर महाग नव्हते. ते वेळेवर ओळखलेले होते. संघाने त्यांना घेतलं तेव्हा त्यांचा चांगला काळ पुढे होता.

आणि सिराज? त्यालाही २०१७ मध्ये पहिल्यांदा सनरायझर्सनेच घेतलं होतं. मूळ किंमत २० लाख, बोली गेली २.६ कोटींपर्यंत. पुढच्याच वर्षी तो बंगळुरूकडे गेला. सात-आठ वर्षांनी, अंगणातलं झाड दुसऱ्याच्या कुंपणात वाढून त्याची फळं आपल्याच डोक्यावर पडावीत, तसं ६ एप्रिलला झालं. भुवनेश्वरलाही २०२५ च्या आधी जाऊ दिलं. बंगळुरूने पावणेअकरा कोटींना घेतला आणि त्या वर्षी बंगळुरू जिंकलं. मागाहून शहाणपण सांगणं सोपं असतं हे मला मान्य आहे. तरीही, आपल्याकडे तयार झालेल्या माणसाची किंमत तो दुसरीकडे गेल्यावरच कळते, हे फक्त क्रिकेटमध्ये होतं असं नाही. आयटीत काम करणाऱ्यांनी मान डोलावली असेल.

१२ एप्रिलच्या रात्रीचं स्कोअरकार्ड मी पुन्हा उघडलं तेव्हा एक गोष्ट दिसली जी मैदानात बसून दिसली नव्हती. स्टॉयनिसचे षटकार एवढे डोळ्यांत भरले होते की बाकीचं सगळं पुसलं गेलं होतं. त्याच डावात, त्याच खेळपट्टीवर हर्षल पटेलने ४२ धावांत ४ बळी घेतले होते. किंमत ८ कोटी. आणि श्रीलंकेचा ईशान मलिंगा, सनरायझर्सकडून पहिलाच सामना, किंमत १.२० कोटी, बळी २. पंजाबचे सहा गडी या दोघांनीच बाद केले होते. ते नसते तर २४५ चे किती झाले असते, आणि मग अभिषेकच्या १४१ पुरल्या असत्या का?

माझं मत शेवटी असं झालं. बोलरवर पैसे घालावेत, जरूर घालावेत, पण नावाचे आणि कालच्या बळींचे नाही. आज शरीर कसं आहे, पुढची दोन-तीन वर्षं कशी जातील, आणि आपल्याला नेमकी कुठली षटकं हवीत, याचे घालावेत. पाच बोलर लागतात, म्हणून सगळी थैली एकावर रिकामी करू नये. आणि मोठी रक्कम बाहेरच्यावर लावण्याआधी आपल्या गल्लीत कोण वेगाने टाकतंय ते एकदा बघावं.

रविवारी मी ते स्कोअरकार्ड घेऊन काचीगुड्याला गेलो. भाच्यासमोर फोन ठेवला. त्याने हर्षलचे आकडे बघितले, मलिंगाचे बघितले. म्हणाला, "स्लोअर बॉल टाकत होता ना हर्षल. मी बघितलंच नाही, मी शमीलाच बघत होतो." मग स्वतःच उठून दाराआडचा टेनिस बॉल घेऊन बोटं कशी फिरवायची ते करून बघायला लागला.

ताईला मी वेगळं सांगितलं. फी भर, पण अर्ध्या कॅम्पची. उरलेल्या पैशांतून आधी त्याची पाठ एखाद्या फिजिओला दाखवू. वाढत्या वयातल्या जलद गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडे जाणं हे नेहमीचं दुखणं आहे, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे जास्त चेंडू. कोचना सांगायचं की आठवड्याचे चेंडू मोजायचे. वहीत लिहून. बूट मी घेतो, माझ्याकडून वाढदिवसाचे.

"म्हणजे घालावेत पैसे?" ताई म्हणाली.

"घाल. पण तो शमी होईल म्हणून नको घालूस. आवडतंय आणि झेपतंय म्हणून घाल."

त्या मोसमात शमीला नऊ सामन्यांत सहाच बळी मिळाले आणि नोव्हेंबरात तो त्याच १० कोटींवर लखनौला गेला. त्याआधी ऑगस्टमध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडला ६ धावांनी हरवलं, शेवटचा बळी सिराजचा. पाचही कसोटी खेळला, हजाराहून जास्त चेंडू टाकले, २३ बळी. त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. मला वाटलं सिराजबद्दल बोलेल.

"मामा, या आठवड्यात ९० झाले. कोच म्हणतात बास. अजून दहा टाकू का?"

"वहीत काय लिहिलंय?"

"नव्वद."

"मग बास."

फोन ठेवता ठेवता कुरकुरला, पण ठेवला.